नकाराची सही

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की मालेगाव, चांदवड मागे टाकून नाशिकच्या अलीकडे ओझर लागते. १९६४ साली स्थापन झालेल्या येथील विमान कारखान्यात मिग-२१ बांधली गेली, पुढे सुखोई-३० बांधली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येथेच तयार झालेल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणाला हे क्षेत्र आता परके वाटण्याचे कारण नाही. घरची माणसे त्याला विचारतात, पगार किती मिळेल? शेजारी विचारतात, किती वर जाशील? परंतु या व्यवसायाचा खरा प्रश्न निराळाच आहे: वेळ आली तर तू ‘नाही’ म्हणू शकशील काय?

विमानाचा भाग तपासणाऱ्याच्या सहीनेच पुढे सरकतो. आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी त्या सहीत असते.

शेतातील पाइपाच्या सांध्यात बसणारी रबरी कडी खानदेशातील शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. ती निकामी झाली तर पाणी गळते. दुसऱ्या दिवशी नवी बसवता येते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाच्या अग्निबाणातील अशीच रबरी कडी थंडीने ताठरली. सांध्यातून तप्त वायू निसटले आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान भंगून ७ जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्रीच अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतील रॉजर बॉइसजोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी, एवढ्या थंडीत उड्डाण नको, असे बजावले होते. व्यवस्थापनाने तो सल्ला फिरवला. ॲलन मॅक्डोनाल्ड या वरिष्ठ अभियंत्याने संमतिपत्रावर सही करण्याचे नाकारले. सही दुसऱ्या अधिकाऱ्याने केली.

मग त्या नकाराने साधले काय? यान तर उडालेच. परंतु चौकशी आयोगापुढे खरे बोलण्यास मॅक्डोनाल्ड मोकळे होते. त्यापायी कंपनीने त्यांचे पद उतरवले. अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांनी हस्तक्षेप केल्यावर ते परत मिळाले आणि सांध्याची नवी रचना करण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. सप्टेंबर १९८८ मध्ये त्या नव्या सांध्यानिशी यान पुन्हा उडाले. सदसद्विवेकबुद्धीचा नकार सात जीव वाचवू शकला नाही. पुढच्यांसाठी मात्र तो कामी आला. बॉइसजोली यांना तर ती नोकरीच सोडावी लागली.

येथेच आपल्या घरांचा संबंध येतो. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते, बहिणीचे लग्न त्याच्या पगारावर ठरलेले असते, घराची वीट त्याच्या बढतीवर रचलेली असते. अशा तरुणाने सहीसाठी पुढे आलेला कागद परत सारावा, ही अपेक्षा करणे सोपे आहे. त्या नकाराची किंमत मात्र सारे घर मोजते. म्हणून धैर्याची जबाबदारी एकट्या अभियंत्यावर टाकून चालणार नाही. मुलाला ‘मोठा हो’ असा आशीर्वाद देताना, ‘खोटी सही करू नकोस, नोकरी गेली तरी या घरात तुझे पान वाढलेले असेल’, एवढे आईवडिलांनी सांगून ठेवावे. उंच उडणाऱ्या विमानाची सुरक्षितता काही अंशी अशा घरांतही घडत असते.