उशीर कोणाच्या खात्यावर?

व्हिडिओ गेम तयार करणारा स्टुडिओ आणि तो बाजारात आणणारा प्रकाशक हे बहुतेकदा दोन वेगळे धनी असतात. स्टुडिओकडे कसबी माणसे असतात; प्रकाशकाकडे भांडवल, जाहिरातीची यंत्रणा आणि गिऱ्हाइकापर्यंतची वाट. गेम पुरा व्हायला दोन-चार वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात स्टुडिओकडे विकायला काहीच नसते. पगार, भाडे, संगणक हे सारे प्रकाशकाच्या आगाऊ रकमेवर चालते. ही रक्कम एकदम हाती पडत नाही. काम टप्प्यांत वाटलेले असते, प्रकाशकाने टप्पा मंजूर केला की त्याचा हप्ता सुटतो. धंद्यातला शब्द ‘माइलस्टोन’. गेम विकला गेला तरी स्टुडिओच्या वाट्याची रॉयल्टी आधी या आगाऊ रकमेत वळती होते. ती फिटेपर्यंत स्टुडिओच्या हाती काही पडत नाही, आणि पुष्कळ स्टुडिओंच्या बाबतीत ती कधीच फिटत नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल: स्लॅब पडला की हप्ता. पण स्लॅब पडला की नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. गेमच्या दहा पातळ्या झाल्या, पात्रे चालू-बोलू लागली, एवढे मोजता येते. खेळताना मजा येते का, हे मोजायला फूटपट्टी नाही. मजा येत नसेल तर झालेले काम मोडून पुन्हा करावे लागते आणि करारात या मोडतोडीसाठी रकाना नसतो. उशीर बहुधा इथेच सुरू होतो. त्यावर प्रकाशकाला सुचणारा पहिला उपाय माणसे वाढवण्याचा. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले होते. गेमच्या धंद्याने ते पुस्तक कपाटात नीट जपून ठेवले असावे.

गेम रखडला की बोट दाखवले जाते ते कलावंतांच्या लहरीपणाकडे किंवा प्रकाशकाच्या घाईकडे. दोन्ही गोष्टी असतातच. पण ब्रिटनमधला चार दशकांचा अनुभव पाहिला तर निकाल लागतो तो दुसऱ्याच दोन प्रश्नांवर: थांबण्याचा खर्च कोण सोसतो, आणि गेमचे नाव कोणाच्या मालकीचे आहे?

या इतिहासातले पहिले गाजलेले प्रकरण लिव्हरपूलचे. १९८२ साली तिथे स्थापन झालेल्या ‘इमॅजिन सॉफ्टवेअर’ने घरगुती संगणकांसाठी स्वस्त कॅसेटवरचे गेम विकून झटपट पैसा केला. त्या जोरावर कंपनीने ‘बँडरस्नॅच’ आणि ‘सायक्लॅप्स’ या दोन ‘मेगागेम’ची घोषणा केली. गेमसोबत संगणकाला जोडायचे एक वेगळे उपकरण मिळणार होते. त्या वेळी साधा गेम पाच-सहा पौंडांना मिळे, यांची किंमत चाळीस पौंडांच्या आसपास जाणार होती. मासिकांतून पानभर जाहिराती झळकल्या. त्यांत गेमचे चित्र नव्हते, विचारमग्न प्रोग्रामरांचे फोटो होते. दाखवायला दुसरे फारसे काही नव्हतेच. इमॅजिन स्वतःच स्टुडिओ आणि स्वतःच प्रकाशक असल्यामुळे टप्पे तपासणारा बाहेरचा कोणी नव्हता. त्याच सुमारास बीबीसीचे कॅमेरे ‘कमर्शियल ब्रेक्स’ या मालिकेसाठी कंपनीच्या भरभराटीचे चित्रण करायला आले होते. भरभराटीऐवजी त्यांना वसुलीसाठी आलेले बेलिफ टिपायला मिळाले. जुलै १९८४ मध्ये थकलेल्या जाहिरातबिलापायी न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. ‘इमॅजिन’ हे नाव मँचेस्टरच्या ‘ओशन’ने विकत घेतले आणि पुढची काही वर्षे स्वतःच्या गेमवर छापले. माणसे एकीकडे आणि नाव दुसरीकडे, ही वाटणी पुढे वारंवार दिसते.

१९८४ सालीच केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांचा ‘एलीट’ बाहेर आला. ‘थॉर्न ईएमआय’ने तो आधी नाकारला होता, गेममध्ये तीन जीव असावेत, दहा मिनिटांत डाव संपावा, असा त्यांचा आग्रह. अवकाशात मोकळे फिरून व्यापार करायचा हा खेळ शेवटी ‘एकॉर्नसॉफ्ट’ने काढला आणि तो अजोड ठरला. त्याच मालिकेतला ‘फ्रंटियर: फर्स्ट एन्काउंटर्स’ १९९५ साली आला तेव्हा मात्र वेळेचा लगाम अमेरिकी प्रकाशक ‘गेमटेक’च्या हातात होता. गेम बगांनी भरलेला निघाला. तो पुरा होण्याआधीच बाजारात ढकलला, असे म्हणत ब्रेबेन न्यायालयात गेले. त्या काळी घरोघर इंटरनेट नव्हते, त्यामुळे आज सहज मिळते तशी दुरुस्तीची फाइल बहुसंख्य खरेदीदारांपर्यंत पोहोचणे अवघड होते. ‘गेमटेक’ १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि वाद पुढे न्यायालयाबाहेर मिटला. ब्रेबेन यांनी एक गोष्ट मात्र हातची सोडली नव्हती: नाव. पंधरा-सोळा वर्षांनी ती उपयोगी पडली.

डर्बीच्या ‘कोअर डिझाइन’कडे तेही नव्हते. १९९६ साली तिथे ‘टूम रेडर’ जन्मला. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट हिची कल्पना ज्याची, तो टोबी गार्ड १९९७ मध्ये रॉयल्टीवर पाणी सोडून बाहेर पडला. नायिकेच्या शरीराची चाललेली जाहिरात त्याला रुचत नव्हती. (ब्रिस्टलला जाऊन त्याने ‘गॅलिऑन’ हाती घेतला. तो यंत्रामागून यंत्र बदलत २००४ साली, जवळजवळ कोणाचेच लक्ष नसताना बाहेर पडला. स्वातंत्र्य मिळाले म्हणून गेम वेळेवर होतो असे नाही.) मागे राहिलेल्यांना विंबल्डनच्या ‘आयडॉस’ या प्रकाशकासाठी दरवर्षी नाताळला एक लारा द्यायची होती. १९९६ ते २००० या काळात त्यांनी पाच गेम दिले. चौथ्याच्या शेवटी लारा ढिगाऱ्याखाली गाडली जाते. कंटाळलेल्या चमूने तिला असे मारून पाहिले, पण ‘आयडॉस’च्या वेळापत्रकात तिच्या मृत्यूची सोय नव्हती. पाचवा गेम लोकांनी सांगितलेल्या तिच्या आठवणींवर उभा केला गेला.

सहावा ‘द एंजल ऑफ डार्कनेस’. नवे प्लेस्टेशन २, नवी तंत्रे, आणि अर्धा चमू अजून जुन्या गेममध्ये अडकलेला. काम बरेच पुढे गेल्यावर त्यातले पुष्कळसे मोडून नव्याने मांडावे लागले. तारखा हुकत गेल्या आणि जून २००३ मध्ये गेम बाहेर पडला तेव्हा लाराची हालचाल अडखळत होती, कथानकात भगदाडे होती. पुढच्याच महिन्यात आलेला लाराचा दुसरा चित्रपट पडला, तर पॅरामाउंटने त्याचेही खापर या गेमवर फोडले. ‘आयडॉस’ने मालिका डर्बीहून उचलून कॅलिफोर्नियाच्या ‘क्रिस्टल डायनॅमिक्स’कडे दिली. ‘कोअर’ची माणसे आणि सामग्री २००६ साली ‘रिबेलियन’ने घेतली. लारा त्या सौद्यात नव्हती.

डर्बीच्या शेजारचे नॉटिंगहॅम हा या विषयाचा गाभा. १९९९ साली तिथे ‘फ्री रॅडिकल डिझाइन’ निघाली. संस्थापक लेस्टरशायरमधल्या ट्वायक्रॉस गावच्या ‘रेअर’मधून आलेले, ‘गोल्डनआय ००७’ बनवणारे. तो गेम ज्या चित्रपटावर बेतला होता त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, ऑगस्ट १९९७ मध्ये आला होता. चित्रपटाची हवा केव्हाच ओसरली होती, तरी निन्टेंडोने धीर धरला आणि ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. नव्या कंपनीचे ‘टाइमस्प्लिटर्स’ही चांगले चालले. मग २००८ साल उजाडले. वारंवार लांबलेला ‘हेझ’ समीक्षकांनी झोडपला, आणि त्याहून मोठे काम, ‘स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट ३’, प्रकाशक ‘लुकासआर्ट्स’ने रद्द केले.

या रद्द झालेल्या गेमबद्दल दोन्ही बाजूंनी पुढे जे जाहीर झाले ते टप्प्यांच्या पद्धतीवरचे बोलके भाष्य आहे. संस्थापकांपैकी स्टीव्ह एलिस यांचे म्हणणे, गेम नव्व्याण्णव टक्के झाला होता, राहिली होती फक्त बगांची साफसफाई. ‘लुकासआर्ट्स’मधले वरिष्ठ बदलले, नवे लोक टप्पेच मंजूर करीनात आणि पैसे अडवले गेले. ‘लुकासआर्ट्स’मधल्या एका माजी कर्मचाऱ्याने याला उत्तर दिले: झाला होता तो पंचाहत्तर टक्के, तोही सुमार गेम, आणि तारखा तर स्टुडिओनेच चुकवल्या. दोघेही आपापल्या वहीप्रमाणे खरे बोलत असू शकतात. स्टुडिओ केलेले काम मोजतो, प्रकाशक उरलेला खर्च मोजतो. पण या मोजणीत जो चुकला त्याला सारखाच दंड होत नाही. ‘लुकासआर्ट्स’चा एक प्रकल्प बुडाला, ‘फ्री रॅडिकल’ डिसेंबर २००८ मध्ये, नाताळच्या तोंडावर, प्रशासकाच्या ताब्यात गेली.

जर्मनीच्या ‘क्रायटेक’ने ती २००९ मध्ये विकत घेतली. नॉटिंगहॅमचे हात तेच, पाटी नवी. त्यांच्याकडे ‘होमफ्रंट’चा पुढचा भाग आला, त्याचा प्रकाशक ‘टीएचक्यू’ डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा ‘क्रायटेक’ने नावच घेतले. २०१४ मध्ये खुद्द ‘क्रायटेक’ला पगार भागेनात, म्हणून ‘डीप सिल्व्हर’ या प्रकाशन-मुद्रेच्या मालक ‘कोख मीडिया’ने गेम घेतला आणि माणसे ‘डॅमबस्टर’ या नव्या स्टुडिओत आली. एका गेमने एवढे धनी पाहिले. २०१६ साली तो आला तेव्हा दिग्दर्शकाने श्रेयनामावलीत या खडतर प्रवासाबद्दल खेळाडूंसाठी निवेदन ठेवले, आणि चमूने त्या उद्ध्वस्त शहरातल्या एका खेळयंत्रात आपला जुना ‘टाइमस्प्लिटर्स २’ लपवून ठेवला.

याच ‘डॅमबस्टर’कडे ‘डेड आयलंड २’ आला. मूळ ‘डेड आयलंड’ पोलंडच्या ‘टेकलँड’ने २०११ मध्ये बनवला होता. नाव ‘डीप सिल्व्हर’कडे होते, म्हणून ‘टेकलँड’ आपली कल्पना घेऊन वेगळी झाली आणि ‘डाइंग लाइट’ काढून जानेवारी २०१५ मध्ये मोकळीही झाली. इकडे दुसऱ्या भागाची घोषणा जून २०१४ मध्ये झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कानांत गाणे ऐकत धावणारा एक तरुण, मागे चाललेला संहार त्याला दिसत नाही आणि धावता धावता तो स्वतःच झाँबी होतो, असा तो ट्रेलर होता. गेम २०१५ च्या वसंतात येणार होता. त्या वर्षाच्या जुलैमध्ये तो बनवणाऱ्या बर्लिनच्या ‘यागर’कडून काम काढून घेतले गेले. २०१६ मध्ये ते शेफील्डच्या ‘सुमो डिजिटल’कडे गेले, २०१९ मध्ये नॉटिंगहॅमला आले, आणि बहुतांश नव्याने मांडले गेले. फेब्रुवारी २०२३ ही तारीख ठरली, ती २८ एप्रिलवर गेली आणि मग चक्क एक आठवडा अलीकडे आली. २१ एप्रिल २०२३ रोजी गेम बाजारात आला. पहिल्या तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्याचे प्रकाशकाने जाहीर केले.

तीन स्टुडिओ आणि नऊ वर्षे एवढे पचवून हा गेम जगला याचे कारण नाव प्रकाशकाचे होते आणि प्रकाशकाला थांबणे परवडत होते. ‘कोख मीडिया’ २०१८ पासून स्वीडनच्या, पुढे ‘एम्ब्रेसर’ झालेल्या समूहात होती. हाच समूह भराभर स्टुडिओ विकत घेत सुटला होता. २०२२ मध्ये ‘टूम रेडर’ही त्याच्याकडे आला. मे २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटला आणि परवडणे संपले. ‘टाइमस्प्लिटर्स’ पुन्हा काढण्यासाठी मूळ संस्थापकांना घेऊन २०२१ मध्ये ‘फ्री रॅडिकल’ पुन्हा उघडली होती. ती डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्यांदा बंद झाली. त्या गेममध्ये खोट होती म्हणून नव्हे. वरच्या ताळेबंदाला खड्डा पडला म्हणून.

प्रकाशकाला वगळून थेट खेळणाऱ्यांकडून पैसे उभे करणे हा मार्गही ब्रिटनमध्ये चोखाळला गेला. जपून ठेवलेल्या नावावर ब्रेबेन यांनी २०१२ च्या अखेरीस किकस्टार्टरवर पंधरा लाख पौंडांहून अधिक जमवले आणि ‘एलीट डेंजरस’ डिसेंबर २०१४ मध्ये दिला. त्याच महिन्यांत गिल्डफर्डच्या पीटर मॉलिन्यू यांनी ‘गोडस’साठी पाच लाखांवर पौंड गोळा केले; तो गेम आजवर अपुराच आहे. वर्गणीदाराला ना टप्पा तपासता येतो, ना हप्ता अडवता येतो. खेळणाऱ्यांचा धीरही मोठा नसतो: गिल्डफर्डच्याच ‘हॅलो गेम्स’चा ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये जेमतेम सात आठवडे लांबला तर तेवढ्यासाठी प्रमुख शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गेम आला तेव्हा कबूल केलेले बरेच काही त्यात नव्हते. ते पुढच्या काही वर्षांत फुकटच्या अपडेटांमधून भरून दिले गेले. स्टुडिओ लहान होता आणि पहिल्या विक्रीचा पैसा गाठीशी होता, म्हणून ते जमले.

स्टुडिओ प्रकाशकाच्याच मालकीचा असला की करारातले भांडण संपते. ‘रेअर’ २००२ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरना मायक्रोसॉफ्टकडे गेली. तिचा ‘एव्हरवाइल्ड’ नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनच्या कार्यक्रमात जाहीर झाला आणि जुलै २०२५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या हजारो नोकऱ्यांच्या कपातीसोबत, रद्द झाला. खटला नाही, वाटाघाट नाही. मालकाने मालकाला नकार दिला, एवढेच. याच्या दुसऱ्या टोकाला एडिंबराचा ‘रॉकस्टार नॉर्थ’. ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि अजून खपतो आहे, त्यामुळे मालक ‘टेक-टू’ला थांबायला हरकत नाही. ‘जीटीए ६’ आधी २०२५ च्या शरदात यायचा होता, मग २६ मे २०२६ ला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १९ नोव्हेंबर २०२६ वर गेला.

दोन संस्थांमधला तणाव असा एका छपराखाली आला की मालक आणि कामगार यांच्यात उतरतो. ही तारीख पुढे ढकलली जाण्याच्या काही दिवस आधी, ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी, ‘रॉकस्टार’ने तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. कंपनीने कारण दिले गोपनीय माहिती बाहेर फोडल्याचे. ‘आयडब्ल्यूजीबी’ या कामगार संघटनेचा आरोप आहे की संघटना बांधत होते म्हणून त्यांना काढले गेले. काढलेल्यांपैकी बहुतेक जण ब्रिटनमधले होते.