‘संवत्सर’ शब्दाचा अर्थ आणि साधकाचे वर्ष

वसईकडील वटार हे गाव प्राचीन शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या परिसरात मोडते. जवळच्या आगाशीस शिलाहार राजा हरिपालदेव याच्या काळचा एक दानलेख सापडला. त्यात शूर्पारकाकडील ‘वट्टारक’ गावाचा उल्लेख आहे. हे नाव आजच्या वटारमध्ये सहज ओळखू येते. लेखाचा काळ शके १०७२, प्रमोद संवत्सर, म्हणजे इ. स. ११५०. शकाचा अंक दिलेला असताना संवत्सराचे नाव कशासाठी? आणि मुळात ‘संवत्सर’ म्हणजे काय?

या शब्दाचे दोन अर्थ सांगितले जातात. निरुक्तकार यास्क तो ‘सम्’ उपसर्ग आणि ‘वस्’ धातू यांपासून साधतात. ज्यात सर्व भूते एकत्र वसतात, तो संवत्सर. भाषाशास्त्रज्ञ मात्र ‘वत्’ या वर्षवाचक प्राचीन मुळाकडे बोट दाखवितात. ‘वत्स’ म्हणजे मुळात एक वर्षाचे पिल्लू. आपले ‘वासरू’ त्याच कुळातले. गतवर्षासाठी संस्कृतात ‘परुत्’ आहे. ‘पोरसाल’ मधील ‘पोर’ तेथूनच आला.

वैदिक काळी पाच वर्षांचे एक युग मानीत आणि त्यातील एका वर्षास संवत्सर म्हणत. वेदांगज्योतिषाने या युगाचे १८३० दिवस गणिले. पुढे गुरू ग्रहाच्या सुमारे बारा वर्षांच्या फेऱ्याची पाचपट करून साठ नावांचे चक्र रूढ झाले. दक्षिणेत त्याची रीत सोपी आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रम. १०७२ मध्ये १२ मिळविले की १०८४, बाकी ४, चौथा संवत्सर प्रमोद. शिलेवरील अंक आणि नाव परस्परांची साक्ष देतात.

पंथीय अभ्यासकासही ही साक्ष उपयोगी आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनाचे वर्ष कोठे शके ११९४, तर कोठे ११९६ दिलेले आढळते. पहिल्यास अंगिरा, दुसऱ्यास भाव संवत्सर येतो. पोथीत अंकासोबत नाव असेल, तर लेखकाच्या हातून झालेली अंकाची चूक नाव उघड करते. नावाचे प्रयोजन एवढेच.

परंतु पाडव्यास पंचांगातील संवत्सरफल ऐकून एखादा वासनिक चिंतेत पडतो. नाव अशुभ, म्हणून वर्ष अशुभ, असे त्यास वाटते. येथे विचार हवा. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. संवत्सर ही सूर्यचंद्राच्या गतीवरून केलेली गणना. ती कार्यरूप प्रपंचातली. नाव कर्म करीत नाही आणि फळही देत नाही. जीवाचे सुखदुःख त्याच्या कर्मानुसार, आणि बंधमोचन केवळ परमेश्वराकडून. प्रमोद नावाचे वर्ष दर साठ वर्षांनी येते. त्यात जन्मणारे आणि मरणारे दोन्ही असतात. त्या दानलेखानंतर सव्वाशे वर्षांच्या आतच उत्तर कोकणातील शिलाहारांची सत्ता यादव राजा महादेव याने संपविली. संवत्सराचे आनंदी नाव राज्यास राखू शकले नाही.

मग वर्षाचे मोल कशाने ठरावे? शब्दाचे दोन्ही अर्थ येथे उपकारक होतात. संवत्सर हे सर्व भूतांचे सामाईक वसतिस्थान असेल, तर ते कोणा एकाचे नव्हे. त्यात राहून अन्य जीवास पीडा देऊ नये. अहिंसेचा आचार तेथेच उभा राहतो. दुसरा अर्थ वासराचा. गोठ्यातले वासरू वर्षाचे झाले की नाही, हे त्याच्या वाढीवरून कळते. साधकाचेही तसेच. गत वर्षी जेवढे स्मरण घडत होते, त्याहून आज अधिक घडते काय? विकार काही उणे झाले काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर पंचांग बदलले, साधकाचे वर्ष मात्र उगवलेच नाही. ‘होय’ असेल, तर संवत्सराचे नाव कोणतेही असो, ते सार्थकी लागले.