जागा सांगावी की सांगू नये?

बँकेत नोकरीला लागताना आमच्याकडून निष्ठा आणि गुप्ततेच्या एका प्रतिज्ञापत्रावर सही घेतात. कोणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, कोणाचा चेक परत गेला, कोणी घरात न सांगता कोणाच्या नावावर ठेव केली, हे सगळं पोटात ठेवायचं. वीस वर्षांत ते पोट चांगलंच वाढलं आहे. (बायको याचं कारण वेगळं सांगते.) पण रायगड जिल्ह्यात बदली झाल्यापासून या पोटात एक अशी गोष्ट जाऊन बसली आहे, की जिच्याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नाही. ती गोष्ट म्हणजे एक समुद्रकिनारा.

किनाऱ्याचं नाव मी सांगणार नाही. रागावू नका. सांगावं की सांगू नये हाच तर प्रश्न आहे, आणि सुनावणी चालू असताना मुद्देमाल वाटून टाकणं बरं दिसत नाही.

आम्ही चौघं आहोत. मी, कोर्टातला बापू, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर आणि एक डॉक्टर. डॉक्टर होमिओपथीचे असल्यामुळे सहलीला आले तरी गावात कोणाचं काही अडत नाही, असं बापू म्हणतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा सकाळी सहाला निघायचं आणि दिवेलागणीला घरी परतायचं, एवढंच आमचं साहस. साहित्यात बटाट्याची भाजी, पोळ्या, चहाचा थर्मास आणि गुडघ्यांना लावायचं मलम. चाळिशीनंतर डोंगर चढायला फारसं धैर्य लागत नाही, उतरायला लागतं.

त्या किनाऱ्याकडे जाताना आम्ही हटकून कुड्याच्या लेण्यांवर थांबतो. (हे नाव सांगायला हरकत नाही, ती सरकारदरबारी नोंदलेली आहेत.) राजपुरी खाडीच्या वरच्या डोंगरात २६ लेणी आहेत, आणि ती कोणी खोदवली हे तिथेच दगडावर लिहिलेलं आहे. दाते कोण? एक वैद्य, एक माळी, एक लोखंडाचा व्यापारी. म्हणजे आमच्या शाखेत शनिवारी रांगेत असतात तीच मंडळी! वैद्याचं लेणं पाहून आमचे डॉक्टर दर वेळी थोडे गप्प होतात. त्यांच्याकडून गेल्या गणपतीत वर्गणी काढायला तीन खेपा झाल्या होत्या.

या दगडी पावत्यांमध्ये माझी आवडती पावती मात्र नाशिकची. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. या गृहस्थाने नुसतं लेणं देऊन सोडलं नाही, तर गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीही परत करायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि विसाला बारांनी गुणलं तरी २४०. व्हाउचर पास! शिवाय हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि नोंदवून घेतला, असाही उल्लेख आहे, म्हणजे दुसरी सहीसुद्धा झाली. अशा ठेवीला त्या काळी अक्षयनीवी म्हणत. शब्द असा आहे की कोणत्याही बँकेने आज योजनेला द्यावा, फक्त खाली बारीक अक्षरांत अटी घालू नयेत.

तर मास्तरांचं म्हणणं असं, की हे सगळे लोक जागा सांगणारे होते. डोंगरात एवढं काम केलं, आणि वर नावगाव कोरून ठेवलं. लपवायचं असतं तर कोरलं असतं कशाला? चांगली जागा दुसऱ्याला न सांगणं हा कद्रूपणा आहे. आपण पहिल्यांदा त्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा आपल्यालाही कोणीतरी सांगितलंच होतं ना? मग आपल्यामागे दार लावून घेण्याचा आपल्याला काय अधिकार?

बापू कोर्टातला असल्यामुळे त्याला प्रतिवादाची सवय आहे, पगार मात्र त्याचा मिळत नाही. तो म्हणाला, "मास्तर, त्या लोकांनी आधी दिलं आणि मग नाव लिहिलं. तुमचा तो जॉन स्मिथ घ्या." हा जॉन स्मिथ म्हणजे १८१९ साली शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोचलेला इंग्रज अधिकारी. दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली. बापूच्या मते लेण्यात नाव लिहिणाऱ्यांच्या दोन जाती, उषवदाताची आणि स्मिथची, आणि हल्ली दुसरीची पैदास फार. "अजिंठ्याचा शोध लावला म्हणतात. आसपासच्या गावकऱ्यांना काय ती लेणी ठाऊक नव्हती? त्यांनी नाव लिहिलं नाही एवढंच!"

हे वाक्य बापू सहज बोलून गेला, आणि त्याच दिवशी दुपारी त्याच्याच अंगावर आलं.

किनाऱ्यावर जायला एका खडकाळ नाकाडाला वळसा घालावा लागतो, आणि तोही ओहोटीतच. पलीकडे वाळू, केवड्याची बेटं, आणि पाण्याशिवाय आवाज नाही. डॉक्टर आडवे झाले. बापू हात पसरून म्हणाला, "पाहा! निर्मनुष्य!"

"कुठशी आयलाव?" मागून आवाज आला.

एक म्हातारी बांबूंना टांगलेले बोंबील उलटेपालटे करत होती. बाजूला दोन माणसं जाळं विणत बसलेली. एक पोर होडीच्या सावलीत झोपलेलं. मोजली तर चार माणसं भरली, आणि ती आमच्या आधीपासून तिथेच होती. आम्ही त्यांच्या अंगणात उभं राहून तिथे कोणी नाही असं जाहीर करत होतो. आपण निर्मनुष्य म्हणतो तेव्हा आपल्यासारखी माणसं नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो. लोकलच्या गर्दीत रोज शेकडो माणसांना माणूस न धरण्याची सवय झालेली असते, ती इथेही सोबत येते.

त्या आजीने आम्हाला चहा दिला आणि वर शहाणपण दिलं. भरती केव्हा पुरी होणार हे काढायला तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी पाणी वर. हिशेब अंदाजाचा असतो, पण उषवदाताच्या पाऊण टक्क्यानंतर ही दुसरी पाऊणपट ऐकून मी खूश झालो. तेव्हापासून आमच्या सहलीला शनिवार दुसरा किंवा चौथा हवा आणि तिथी अष्टमीच्या आगेमागे हवी. असा योग लग्नाच्या मुहूर्तापेक्षा दुर्मीळ, त्यामुळे किनारा आमच्यापासून तरी आपोआपच सुरक्षित राहतो.

ही पाऊणपट ऐकून मास्तरांचा पक्ष मात्र थोडा हलला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. मास्तर स्वतः दरवर्षी मुलांची सहल नेतात, त्या दिवसापासून ते किनाऱ्यावर पोळी खात नाहीत, डोकी मोजत राहतात. ते म्हणाले, "जागा सांगायची तर तिथीही सांगायला हवी. आणि फोनवर टाकलेला फोटो पाहून जो येतो, त्याला तिथी कोण सांगणार?" फोटोत पाणी कायम ओहोटीचंच असतं, हे खरं आहे.

बापूला हे पुरेसं होतं. त्याने लगेच काशीदचा दाखला काढला. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचा हा पांढऱ्या वाळूचा किनारा, एके काळी तिथे गेलेला माणूस आठवडाभर त्याबद्दल हळू आवाजात बोलायचा. आता सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. त्यात २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट उतरवणारी रो-रो बोट सुरू झालेली. "कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं असेल ना? तो माणूस आज कुठे तोंड लपवून बसला असेल?" असं बापू म्हणाला. मला वाटतं, तो तिथेच टपरीवर बसून मॅगी खात असेल.

या सगळ्या चर्चेत आम्ही चौघं किनाऱ्याचे विश्वस्त असल्यासारखे बोलत होतो. खरे खातेदार वेगळेच आहेत हे मला कळलं ते एका सोमवारी, काउंटरवर.

म्हातारीचा नातू कर्जाचा अर्ज घेऊन आला. घराला दोन खोल्या आणि एक न्हाणीघर जोडायचं, न्याहारी-निवास योजनेत नाव घालायचं. (खातेदाराची माहिती उघड केली म्हणून माझ्यावर कारवाई नको. त्याची लेखी परवानगी घेतली आहे. उलट गावाचं नाव छापत नाही म्हणून तो माझ्यावर नाराज आहे.) अर्ज मंजूर करणं मॅनेजरसाहेबांच्या हातात, माझ्याकडे कागद तपासायचं काम. त्यात एक रकाना होता, वर्षाला अपेक्षित पर्यटक. तो कोरा होता.

"साहेब, तुम्हीच सांगा. तुम्ही येता की तिकडे."

आता आली पंचाईत. आकडा छोटा टाकला तर हप्ता बसत नाही, मोठा टाकला तर किनारा बसतो. मी त्याला आजीचं मत विचारलं. तो म्हणाला, आजीला नको आहे. शहरातली माणसं बोंबलांच्या वासाने नाक दाबतात आणि सुकवायच्या वाळूत बाटल्या टाकतात. "पण साहेब, आजीच्या वेळी होडीत जेवढी मासळी यायची तेवढी आता येत नाही. आजी वाळू राखील. मी काय राखू?"

यावर बापूचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक होतं, मास्तरांचंही. पण दोघांचाही पगार एक तारखेला खात्यात जमा होतो, आणि तो मीच जमा झालेला पाहतो. ज्याला महिन्याचं ठरलेलं मिळतं त्याला एकांत परवडतो. उषवदाताने ठेव ठेवली तेव्हा मुद्दल त्याचं होतं, व्याज भिक्षूंना होतं. इथे मुद्दल म्हातारीचं आणि तिच्या नातवाचं, व्याज आजवर आम्ही चौघं खात आलो, आणि मुद्दल मोडू नका असा सल्लाही आम्हीच देत होतो, तोही फुकट चहा पिऊन.

मी त्याला आकडा सांगितला नाही. त्याला समोर बसवलं, खोल्या दोन, माणसं किती, पावसाळ्याचे चार महिने वजा, असं त्याच्याकडूनच कागदावर मांडून घेतलं. मग एक अट सुचवली, बँकेची नव्हे, माझी. येणाऱ्या प्रत्येकाला तिथीची पाऊणपट सांगायची, आणि शक्य तर आजीने सांगायची. तो हसला. म्हणाला, आजी तसंही ऐकवल्याशिवाय कोणाला सोडत नाही.

कर्ज मंजूर झालं. बापूने माझ्याशी दोन शनिवार अबोला धरला. तिसऱ्या वेळी अष्टमी होती, म्हणून आला.

परवा तो नातू पुन्हा शाखेत आला होता. हप्ता भरला आणि खिशातून एक कागद काढला. रस्त्यावर लावायच्या पाटीचा मजकूर होता, पेंटरकडे देण्याआधी नजरेखालून घाला म्हणाला. मी चष्मा लावून वाचला. ‘निर्मणुश्य किनारा. घरगुती जेवन. पार्कींगची सोय.’

मी ऱ्हस्व-दीर्घ आणि न-ण तेवढे दुरुस्त करून दिले.