पाहुणचार आणि मागणें

पाहुण्यास पान वाढतांना यजमानाच्या मनांत कांहीं मागणें असेल, तर तो पाहुणचार खोटा ठरतो काय? मुलीचें लग्न जमवावयाचें असलें म्हणजे आपल्या घरचें आतिथ्य किती निर्हेतुक असतें, हें वाचकांस सांगावयास नको. पण एका राष्ट्रानेंच असा पाहुणचार मांडला होता.

इ. स. १८८३ मध्यें जपानचे परराष्ट्रमंत्री इनोउये काओरू यांनीं तोकियो येथें 'रोकुमेइकान' नांवाचा दुमजली प्रासाद उभारविला. योजना जोसाया काँडर या इंग्रज स्थपतीची. परकीय राजदूत व जपानी सरदार यांनीं तेथें एकत्र जेवावें, बिलियर्ड खेळावें, नाचावें, हा उद्देश. चारा दिसतांच हरिण सोबत्यांस हांक मारतें, ही प्राचीन चिनी काव्यांतील आतिथ्याची कल्पना त्या नांवांत आहे. खरें मागणें निराळेंच होतें. १८५८ च्या तहांन्वयें जपानांत गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्याय त्याच्याच देशाचा कॉन्सल करी. आम्हीही सुधारलेले आहों, तेव्हां हे तह बदला, असें त्या नाचांतून सुचवावयाचें होतें. किमोनोंत वाढलेल्या कुलस्त्रिया पॅरिसच्या तऱ्हेच्या पोषाखांत पाहुण्यांबरोबर नाचूं लागल्या. पिएर लोती या फ्रेंच लेखकास मात्र ती वास्तु आपल्याकडील एखाद्या कॅसिनोसारखी दिसली! पाहुणा जेवला, आणि हसला.

१८८६ मध्यें 'नॉर्मंटन' ही इंग्रजी आगबोट बुडाली. कप्तान व बहुतेक गोरे खलाशी वांचले. जपानी उतारू पंचवीस होते, ते सर्व बुडाले. आणि कोबे येथील इंग्रजी चौकशींत कप्तान निर्दोष ठरला. लोकक्षोभानंतर त्यास तीन महिन्यांची कैद झाली, इतकेंच. पुढील वर्षीं इनोउये यांनीं पद सोडलें.

या प्रकरणांत अनुकरणाचा दोष काढण्याची चाल आहे. आम्हांस ती पटत नाहीं. परक्याची रीत शिकणें पाप नव्हे, आणि उघड मागणें ठेवून पान वाढणेंही नव्हे. पण न्याय हक्कानें न मागतां 'आम्ही तुमच्यासारखे दिसतों' हा पुरावा पुढें केला कीं, परीक्षकाचें आसन पाहुण्यास आपणच देऊन बसतों. तो अधिकार अखेर १८९९ मध्यें गेला. तो नव्या कायदेसंहितांनीं आणि वाढत्या सामर्थ्यानें गेला, नाचानें नव्हे.

असो. आमच्या मनांतून एक गोष्ट मात्र जात नाहीं. हेच इनोउये १८७६ मध्यें कोरियास गेले होते, आणि तेथें गुन्हा करणाऱ्या जपानी माणसाचा न्याय जपाननेंच करावा, असें कलम असलेल्या तहावर सही करून परतले होते.