वारस दाखला

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. स्वतःच्या सहीवरही नाही. फुलसावंगीला बदली झाल्यापासून तर माझा निम्मा दिवस एकच वाक्य म्हणण्यात जातो : "वारस दाखला आणा."

खिडकीपलीकडची म्हातारी म्हणते, "साहेब, चाळीस वर्सं संसार केला त्यायच्यासंगं. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"गावाला ठाऊक असून भागत नाही, बाई. कागद लागतो."

अशा माणसाच्या घरी आमचे सासरे राहायला यावेत, हा दैवाचा विनोद. आबा मूळचे कोल्हापूरचे. पैनगंगेच्या या मुलखात येऊन त्यांना सहा वर्षं झाली, तरी इथल्या रश्श्याला ते अजून 'आजाऱ्याचं जेवण' म्हणतात. बाकी त्यांची मागणी काही नाही आणि इस्टेटही काही नाही. आहे ती फक्त एक गोष्ट.

१८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. त्या मुलखात चिता ही गोष्टच लोकांना नवी. तरी परवानगी मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी महाराजांना अग्नी दिला गेला. इथवरचा भाग इतिहासात आहे. ती चिता महाराजांबरोबर गेलेल्या आबांच्या खापरपणजोबांनी रचली, हा भाग फक्त आबांकडे आहे.

मी एकदाच विचारलं होतं, "आबा, याला काही कागद?" त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "मीठ द्या."

गेल्या वर्षी जर्मनीत नोकरीला असलेल्या मेहुण्याने तिघांची तिकिटं काढतो म्हणून कळवलं. आबांच्या गुडघ्यांनी नकार दिला. निघताना ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जाताय म्हंजे मीच गेलो. तिथं महाराजांची छत्री हाय. दगडावर आमच्या माणसाचं नाव हाय का, तेवढं बघून या."

फ्लॉरेन्सला जग डेव्हिडचा पुतळा बघायला जातं. आम्ही त्याच्याकडे पाठ करून शहराच्या पश्चिम टोकाला गेलो. तिथे काशिने नावाची लांबलचक बाग आहे. नावात काशी ऐकून बायकोने पदर सावरला. बागेच्या शेवटाला मुन्योने नदी आर्नोला मिळते आणि तिथेच छत्री आहे. १८७४ सालची. तिचा आराखडा मेजर मँट या इंग्रजाचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने रेखला, तोच हा. आत फुलर नावाच्या शिल्पकाराने केलेला महाराजांचा पगडीधारी अर्धपुतळा.

मी चारी बाजूंनी फिरलो. चष्मा पुसून पुन्हा फिरलो. महाराजांचं नाव होतं. खापरपणजोबांचं नव्हतं. जवळच १९७८ साली बांधून झालेला मोठा पूल आहे. त्याचं नाव 'पोंते अल्लिंदियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल. नुसता हिंदी माणूस! जिथे छत्रपतींचीच ही गत, तिथे लाकडं रचणाऱ्याला कोण विचारतो?

परतीच्या विमानात बायको म्हणाली, "नाव होतं म्हणून सांगा. आबा काय तपासायला जाणार आहेत?"

प्रश्न अवघड होता. बँकेत खोटी नोंद केली तर कधी ना कधी ताळेबंद बोंबलतो. पण घरात? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एक 'हो' दिला तर कुणाच्या खात्यातून काय वजा होणार होतं? रात्रभर मी हिशेब केला. विमान मुंबईला टेकायच्या सुमाराला एक गोष्ट ध्यानात आली. आबा इतकी वर्षं कागदावाचून सुखात होते. कागदाची खोड माझी. ती मी त्यांना लावली आणि आता वर बनावट दाखलाही मीच देणार होतो.

घरी पोचल्यावर आबांनी चहासुद्धा होऊ दिला नाही. "हाय का?"

"नाही, आबा."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी बूट पुन्हा पायात घालायच्या बेतात होतो. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "महाराजांचं हाय न्हवं?"

"आहे."

"मग झालं की. पोरगेल्या वयाचा धनी परक्या मुलखात जाळाय लागला. त्या रात्री आपलं नाव लिवायची शुद्ध असंल व्हय त्याला?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "संगमाला पाणी हाय का?"

"भरपूर."

"मग बरं," म्हणाले आणि कुशीवर वळले. मी मात्र जागाच होतो.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा खिडकीशी. नियम तोच होता. लोकांचे पैसे नुसत्या गोष्टींवर देता येत नाहीत. मी तिला आत बसवलं आणि महागावला तहसीलीत द्यायचा अर्ज स्वतः लिहायला घेतला. लिहिता लिहिता विचारलं, "कसे होते हो ते?"

ती अर्धा तास बोलली. रांग कुरकुरू लागली. केबिनमधून मान काढून साहेबांनी विचारलं, "काय चाललंय तिथे?"

मी म्हटलं, "पडताळणी चाललीय, साहेब."