जादूगाराचे असत्य

अंधेरीतील एखाद्या सोसायटीच्या सभागृहात मुलाच्या वाढदिवसासाठी मानधन देऊन जादूगार बोलावला जातो, तेव्हा मुलांसमोर जाणूनबुजून उभा केलेला भास असत्य ठरतो का, हा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात मायावीचा, म्हणजे जादूगाराचा, दृष्टांत देतात: स्वतः पसरवलेल्या मायेचा, म्हणजे वस्तुत्व नसलेल्या भासाचा, त्याला तिन्ही काळी स्पर्श होत नाही. प्रेक्षक तसा अलिप्त नसतो, लहान मूल तर मुळीच नाही; म्हणून नैतिक भार जादूगार त्या भासाबद्दल काय दावा करतो यावर येतो. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. वाढदिवसाचा जादूगार मात्र दैवी शक्तीचा दावा करत नाही, आणि मुलाने विचारताच त्याने एखादी युक्ती उलगडून दाखवणे हे तर निःसंशय धर्म्य आहे.