मासा गुरू केला

।। श्री गुरुदेव दत्त ।।

सद्भक्तहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक मासा आहे. याच स्कंधावरची टीका एकनाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केली. अवधूत म्हणतात, उपवासाने बाकीची इंद्रिये थकतात, जीभ मात्र जास्तच वळवळते. ती जिंकली म्हणजे सगळे जिंकले. मासा गळाला लागतो तो तिच्यापायीच.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेला गेलो, तेव्हा तापीकाठी एक भोईदादा गळ टाकून बसले होते. टोपलीत लांब मिशांचा शिंगटा. म्हटलं, "दादा, एवढ्या मिशा असून हा फसतो कसा?" ते हसले. "भाऊ, मासा भूकमुये नही मरस, तोंडमुये मरस."

त्या मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात, स्पर्शाचे मज्जातंतूही असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही ते मिशीला कळते. माशाला हात नाहीत. तोंड हाच त्याचा हात. ओठाला काय लागले, जबडा कसा हलला, ही खबर मेंदूला पोचवते मज्जातंतूंची पाचवी जोडी. तीच पाचवी जोडी आपल्याही ओठांत आणि जबड्यात आहे. नको ते मासा थुंकूनसुद्धा टाकतो. म्हणजे दत्तप्रभूंनी दारातच पहारेकरी बसवला आहे! पण लोभ सुटला की त्याचं ऐकतो कोण?

आता माझंच सांगतो. मी कित्येक वर्षं गुरुवार धरतो. अशाच एका गुरुवारी, उपाशी तोंडाने, शेताच्या बांधावरून धाकट्या भावाला नको ते बोललो. सहा वर्षं झाली, तो माझी पायरी चढलेला नाही. अवधूतांनी चवीचं सांगितलं. पण चव घेणारी आणि बोलणारी जीभ एकच ना? शब्द ओठाशी आला तेव्हाच कडू लागला होता. थुंकता आला असता. मी जबडा उघडला.

माशाला गळातून सुटका नाही. माणसाला आहे. या मार्गशीर्ष पौर्णिमेला प्रसाद तोंडात घालण्याआधी मी भावाच्या दारी जाणार आहे. तो दार उघडेल की नाही, महाराज जाणोत. तुमचंही असं एखादं दार असेल, तर आधी तिकडे जा, मग आरतीला या.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।